बस सुटायच्या आत सांगितलेले शेवट

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासरच्या मंडळींना कधीच नीट कळलं नाही. "ती हॉलवर असते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, मंगल कार्यालय. मग कोणीतरी हमखास विचारायचं, "सीझनला फार धावपळ होत असेल नाही?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे नाद सोडला. "हो ना, चातुर्मासात जरा निवांत असतं," म्हणून मोकळी व्हायचे.

खरं तर मी पिंपरीत, संत तुकाराम नगरातल्या एका सांस्कृतिक केंद्रात कार्यक्रमांची व्यवस्था बघायचे. केंद्र एका जुन्या ट्रस्टचं. एक मध्यम आकाराचा हॉल, वरच्या मजल्यावर नाचाचा वर्ग, खाली ऑफिस आणि पुढे लोखंडी जाळीचं दार. महिन्यातून एकदा गाणं, एकदा व्याख्यान, अधूनमधून नृत्य आणि दर दुसऱ्या शनिवारी सिनेमा. सिनेमा म्हणजे थिएटरात लागतो तसला नव्हे. देशोदेशीचे, पुरस्कारबिरस्कार मिळालेले, ज्यांच्यात पाच पाच मिनिटं कोणी बोलत नाही आणि खिडकीचा पडदा नुसता हलत राहतो, तसले. ते निवडायचे, मागवायचे आणि लोकांना बघायला लावायचे, हे माझं काम. त्यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड.

पुण्यात माझ्यासारखं काम करणारे लोक कार्यक्रमाची वेळ ठरवताना कलाकाराची सोय बघतात. मी कंपन्यांच्या शिफ्ट बघायचे. ज्याची सकाळची शिफ्ट आहे तो माणूस गायक कितीही थोर असला तरी रात्री नऊनंतर जांभया देतो, आणि हिंजवडीहून येणारा ट्रॅफिकमधून सुटून सातच्या आत पोचत नाही. एकदा एक मोठ्या गायिका आल्या होत्या. आलाप ऐन रंगात आला आणि जवळच्या कंपनीचा भोंगा वाजला. त्या थांबल्या. दारात उभ्या असलेल्या आमच्या तापकीरमामांना म्हणाल्या, "हा बंद करता येईल का?" मामांनी हात जोडले. "ताई, त्यो वाजला न्हाई तर निम्मं गाव घरी बसंल." बाई दिलखुलास हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या. माझ्या मते त्या आधीपेक्षा चांगल्या गायल्या.

दुसऱ्या एका वेळी एका डॉक्टरांनी झोपेचं महत्त्व या विषयावर व्याख्यान दिलं आणि शेवटची रांग अथपासून इतिपर्यंत झोपली. डॉक्टर दुखावले. मी म्हटलं, "सर, ते नाइटवाले आहेत. तुमचं म्हणणं त्यांनी लगेच अमलात आणलं असं समजा."

ही शेवटची रांग म्हणजेच या लेखाचा विषय. आमच्याकडे तिला 'थर्डची रांग' म्हणत. थर्ड म्हणजे तिसरी, रात्रीची शिफ्ट. चाकणच्या कंपन्यांच्या बस रोज आमच्या दारासमोरच्या स्टॉपवरून सुटायच्या. दिवसभर झोपून उठलेले हे लोक संध्याकाळी लवकरच घराबाहेर पडायचे. घरात मुलांचा अभ्यास, टीव्ही, एका खोलीत सगळं. आमच्याकडे पंखे होते, खुर्च्या होत्या आणि प्रवेश मोफत. सुरुवातीला ते पंख्यासाठी यायचे हे मी मान्य करते. पुढे सिनेमासाठी यायला लागले, हे मात्र मी अभिमानाने सांगते.

पण अडचण अशी होती की सिनेमा सातला सुरू व्हायचा आणि त्यांची बस पावणेनऊला यायची. सिनेमा आधी सुरू करावा तर साडेसहापर्यंत वरती नाचाचा वर्ग. एकाच वेळी इतके घुंगरू डोक्यावर आपटत असताना कुठलाही सिनेमा युद्धपट वाटतो. म्हणून मी एकदा खास थर्डवाल्यांसाठी रविवारी सकाळी खेळ ठेवला. मी, ऑपरेटर आणि मोफत डोळे तपासणी आहे असं समजून आलेले एक आजोबा, एवढेच हजर होतो. थर्डवाले झोपले होते. त्यांचं बरोबरच होतं.

त्यामुळे त्यांना सिनेमाचा शेवट कधी बघायलाच मिळायचा नाही. बस यायची वेळ झाली की तापकीरमामा अंधारात रांगेतून फिरत एकेकाच्या खांद्याला हात लावायचे. माणसं आवाज न करता उठायची, दाराचा पडदा बाजूला करून बाहेर जायची. मग जाळीच्या दारापाशी मामा त्यांना शेवट सांगायचे.

तापकीरमामा आमचे दारवान. मूळचे इथलेच, शहर व्हायच्या आधीपासूनचे. सडपातळ, पांढऱ्या मिशांचे, आणि डाव्या हाताला दोन बोटं कमी. शनिवारच्या सिनेमाची आम्ही शुक्रवारी दुपारी चाचणी घ्यायचो. आवाज नीट आहे का, चित्र कुठे अडकतं का, हे बघायला पूर्ण सिनेमा चालवायचा. मी आणि ऑपरेटर बघायचो आणि मागे भिंतीला टेकून मामा. त्यांना इंग्रजी अक्षर कळत नसे, पण काय चाललंय ते सगळं कळत असे. म्हणून शेवट सांगायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. दारापासून बसच्या पायरीपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते एका सिनेमाचा शेवट पुरा करायचे. तेवढ्या वेळात मला सिनेमाचं नावसुद्धा धड सांगता येत नाही.

मी त्या वेळी आत ऑपरेटरजवळ असायचे. हॉलच्या दाराच्या काचेतून मामांचे हात हलताना दिसायचे. माणसं घोळक्याने ऐकायची. सगळ्यांत पुढे वाघमारे.

वाघमारे चाकणच्या एका कंपनीत फर्नेसवर होते. लोखंडी भाग भट्टीत तापवून टणक करायचे, ते काम. बाकीच्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. वाघमाऱ्यांनी मात्र कायमची नाइट मागून घेतली होती. बायको सकाळी अंगणवाडीत जायची, घरात अंथरुणाला खिळलेली आई, म्हणून दिवसा कोणीतरी घरी हवं होतं. पुढे आई गेली, पण नाइट तशीच राहिली. उंच, कमी बोलणारा माणूस. आत येताना "जयभीम, मॅडम" आणि जाताना, शेवट ऐकून झाल्यावर, मामांना एकच शब्द: "बरं झालं." मग डबा सावरत बसमध्ये चढायचे. मला ते दृश्य फार आवडायचं. आपण कामगारांपर्यंत जागतिक सिनेमा नेला, असं काहीतरी मी वार्षिक अहवालात लिहीतही असे.

मग एकदा एक दिग्दर्शक आले. त्यांचा सिनेमा आम्ही शनिवारी दाखवला आणि रविवारी संध्याकाळी त्यांच्याशी गप्पा ठेवल्या. गोष्ट साधी होती. नदीतल्या एका बेटावर एक नावाडी, त्याची बायको आणि एक कुत्रा. नावाडी कामासाठी शहरात जातो. पाणी चढलं की येईन म्हणतो. बायको पाण्याकडे बघत राहते. शेवटी पाणी चढतं, नाव येते, आणि ती रिकामी असते. बायको ती ओढून घेते, स्वतः तिच्यात बसते, वल्हं हातात घेते. संपलं. चाचणीच्या वेळी ऑपरेटर म्हणाला होता, "मॅडम, पुढची फाइल आली नाही का?"

रविवार म्हणजे चाकणच्या कंपन्यांची सुट्टी, त्यामुळे थर्डची रांग भरली होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर त्या रांगेतून एक जण उठला. परभणीकडचा, नुकताच कामाला लागलेला. भारावलेल्या आवाजात म्हणाला, "सर, लई भारी सिनेमा. शेवटाला तो नवरा दाढी वाढवून नावेत बसून येतो, बायकोला वळखूच येत नाही, अन् ते कुत्रं त्याला वळखतं, तिथं तर डोळ्यात पाणीच आलं."

दिग्दर्शकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"माझ्या सिनेमात नवरा परत येत नाही," दिग्दर्शक सावकाश म्हणाले. "आणि कुत्रा शेवटच्या भागात नाहीच आहे."

हॉल हसला. परभणीकर बिचारा काहीतरी बोलणार, तेवढ्यात शेजारच्याने त्याचा गुडघा दाबला आणि वाघमारे उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना सभेत बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "साहेब, हा नवीन आहे. बसमध्ये याला फार झोप लागते. स्वप्न पडलं असणार." लोक आणखी हसले, थर्डची रांग सगळ्यांत मोठ्याने. मला ते जरा जास्तच मोठं वाटलं, पण तेव्हा मी वेगळ्याच रागात होते. दारात मामा भिंतीवरचं कॅलेंडर लक्ष देऊन वाचत होते.

चहाच्या वेळी दिग्दर्शक म्हणाले, "नवरा परत आला असता तर माझा निर्माता फार खूश झाला असता." ते मनाने चांगले होते. मी नव्हते. सोमवारी मी मामांना ऑफिसात बोलावलं.

"मामा, तुम्ही लोकांना खोटे शेवट सांगता?"

"समदेच न्हाई."

"म्हणजे?"

"चांगला शेवट असंल तर खराच सांगतो की." वर म्हणाले, "तुमी आणता त्यात चांगला कुटं असतो मॅडम?"

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. आमच्याकडे बर्फात हरवलेले सगळे गिर्यारोहक खाली उतरले होते. युद्धावर गेलेला शिंपी परत येऊन दुकान उघडून बसला होता. ज्या सिनेमात नुसती एक म्हातारी खिडकीत बसून असते, तिचा मुलगा दिवाळीला आला होता, आणि तो सिनेमा तर जपानचा. मी डोक्याला हात लावला. मी मामांना भाषण दिलं. कलाकृती ही कलावंताची असते. शेवट बदलला की सगळा अर्थ बदलतो. कामगार आहेत म्हणून त्यांना खोटं गोड खाऊ घालणं हा त्यांचा अपमान आहे. हे मी आजही मानते, हे सांगून ठेवते.

मामांनी ऐकून घेतलं. मग डावा हात टेबलावर ठेवला, तीन बोटांचा.

"ही भोसरीला गेली, पत्रा दाबायच्या प्रेसवर. तवा मी वर्कशॉपला हुतो. नाइटला निगताना घरी भांडान झालं. बारीकच हुतं, पर डोक्यात बसलं. मी मशीनवर उबा आन डोकं घरी." हात उचलून त्यांनी मांडीवर घेतला. "वाघमाऱ्याम्होरं भट्टी असती मॅडम. त्याच्या डोक्यात सिनेमातलं मेल्यालं पोरगं घालून मी त्याला तितं धाडू? सिनेमा त्या सायबांचा असंल. रात तर त्याची हाय."

वादात हरायला लागले की मी हुकूम सोडते. म्हटलं, "यापुढे खरा शेवट सांगायचा, नाहीतर काहीच सांगायचं नाही. पुढच्या सिनेमाला मी स्वतः दारात उभी राहते."

उभी राहिले. तो सिनेमा एका आजारी मुलीचा होता. बाप तिला खेचरावर बसवून डोंगरापलीकडच्या दवाखान्यात न्यायला निघतो. मुलगी वाटेतच जाते, दवाखाना समोर दिसत असताना. चाचणीच्या वेळी मी चष्मा पुसत बसले होते. शनिवारी बस यायची वेळ झाली. मामा आतून एकेकाला बाहेर पाठवत होते आणि माणसं नेहमीसारखी दारात गोळा होत होती. मामांच्या जागी मला बघून ती जरा बावरली. वाघमारे पुढे आले. डबा हातात, मान थोडी वाकवलेली, ऐकायच्या तयारीत.

"मॅडम, पुढं काय होतं?"

समोर बस उभी होती, इंजिन चालू. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. दहाही बोटं जागेवर होती.

"शेवट तसा मोघम आहे," मी म्हटलं.

"मोघम म्हणजे?"

"म्हणजे..." मी घसा साफ केला. "दवाखाना दिसतो. मुलगी बरी होते."

"बरं झालं," वाघमारे म्हणाले आणि बसमध्ये चढले.

मागे वळून बघितलं तर मामा पडदा धरून उभे. चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी मला त्यावर एका शब्दानेही डिवचलं नाही. फक्त पुढच्या आठवड्यात चहाचा कप ठेवताना म्हणाले, "मोघमचं जरा मलाबी शिकवा." मी दाराची जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडे दिली आणि तो विषय आमच्या दोघांत मिटला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वाघमारे निवृत्त व्हायला आले. त्यांच्या खात्यातले दोघं जण ऑफिसात आले. मामा तेव्हा तिथेच चहा घेत उभे होते. त्या दोघांचं म्हणणं, काकांना शाल-नारळ कंपनी देईल, आपण वेगळं काही करू. त्यांनी उभ्या नोकरीत तुमच्याकडे एकही सिनेमा पूर्ण बघितला नाही. एक तेवढा शेवटापर्यंत दाखवा.

मला ही कल्पना इतकी आवडली की मी लगेच हो म्हटलं. "कुठला दाखवू?"

"तो नदीचा. काकांचा लाडका आहे. बसमध्ये नवीन माणूस आला की त्याला तो सांगतात. नावेचा शेवट तर असा सांगतात ना राव, की ऐकत राहावं."

मामांचा कप बशीत वाजला.

ते दोघं गेल्यावर मामा खुर्ची ओढून बसले. ऑफिसात माझ्यासमोर ते कधी बसत नसत. "मॅडम, दुसरा कुटलाबी लावा."

"का? त्यांनी मागितलाय."

"नाव रिकामी येती की वो त्यात."

मलाही आत्ताच आठवलं होतं.

"एक शेवट खोटा निगाला की मागलं समदं खोटं निगतंय," मामा म्हणाले. "त्यो मानूस मान खाली घालून माजं ऐकायचा. देवाचं ऐकावं तसं. आता त्याला कळनार, तापकीर नुसता थापा मारत हुता. येवडी वर्सं. दर सिनेमाला त्याला फशिवलं असं वाटंल त्येला." खांद्यावरचा टॉवेल त्यांनी मुठीत आवळला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. या माणसाला शहराने जमिनीपासून बोटांपर्यंत बऱ्याच गोष्टींना मुकवलं होतं आणि त्याबद्दल ते सहज, हसत बोलायचे. वाघमाऱ्यांच्या नजरेतून उतरणं मात्र त्यांना झेपणारं नव्हतं.

पुढचे काही दिवस मामा उपाय शोधत होते. एकदा येऊन म्हणाले, "ऐन टायमाला लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे."

"जनरेटर मीच चालू करतो ना."

मी डोळे वटारले. मग म्हणाले, ऑपरेटरला सांगून नाव लांब दिसते तिथेच बंद करू. मग म्हणाले, त्या शनिवारी मला रजा द्या. मी एकालाही हो म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, सिनेमा मिळाला नाही असं कळवून टाकावं हे माझ्याही मनात येऊन गेलं. पण एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये शेवटचा दिवा लागेपर्यंत बसणार होता. ते हिरावून घ्यायचा हक्क मला नव्हता, मामांनाही नव्हता. मी मामांना म्हटलं, "काय व्हायचं ते तुमच्यासमोर होऊ दे. पळून जाऊ नका."

निवृत्तीनंतरच्या त्या शनिवारी वाघमारे बायकोला घेऊन आले. सुमनबाई, ठसठशीत कुंकू न लावणाऱ्या पण ठसठशीत बोलणाऱ्या. पाहुणे म्हणून मी त्यांना पुढे बसवत होते. वाघमारे म्हणाले, "नको मॅडम, आमची जागा आहे," आणि थर्डच्या रांगेत जाऊन बसले. सिनेमा सुरू झाला. मीही त्या दिवशी मागेच उभी राहिले.

पावणेनऊ होत आले. मामा आत आले, अंधारात एकेकाच्या खांद्याला हात लावत गेले. वाघमाऱ्यांना त्यांनी अर्थातच हात लावला नाही. पण शेजारचा उठला तसे सवयीने वाघमारेही उठले, खुर्चीखाली डबा चाचपायला लागले. सुमनबाईंनी त्यांचा शर्ट धरून खाली ओढलं. "अहो, बसा. कुठं निघालात?" ते बसले.

बस गेल्याचा आवाज आला. मामा परत आत आले नाहीत.

पाणी चढलं. नाव आली, रिकामी. बाईने ती ओढली, वल्हं हातात घेतलं. पडदा काळा झाला, दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत, खोकत, चपला शोधत बाहेर पडले. वाघमारे बसूनच होते. हॉल रिकामा झाल्यावर ते उठले आणि दाराकडे निघाले. मागे सुमनबाई, त्यांच्या मागे मी.

मामा जाळीच्या दाराला धरून उभे होते. मान खाली. आज ऐकायची पाळी त्यांची होती.

"मामा," वाघमारे म्हणाले, "नाव रिकामी आली."

"व्हय."

"कुत्रा पण नव्हता."

"न्हाई." मामांनी मान वर केली नाही. "वाघमारे, मला माफ..."

"मला ठाऊक होतं."

मामांनी वर बघितलं. मीही.

वाघमाऱ्यांनी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं. "सकाळी बस आम्हाला तिथं सोडते. ज्यांना गुरुवारी सुट्टी, त्या कंपन्यांचे फर्स्टवाले, सकाळच्या शिफ्टचे, त्यांच्या बसची वाट बघत तिथंच उभे असतात. त्यातले निम्मे आदल्या संध्याकाळी सिनेमाला असतात, शेवटापर्यंत. चहा होईस्तोवर ते आम्हाला खरा सांगून टाकतात."

"म्हंजे समद्यांस्नी ठावं हुतं?"

"सगळ्यांना. परभणीवाल्याला तेवढं सांगायचं राहिलं होतं. सुट्टी म्हणून तो सकाळी टपरीवर न थांबता खोलीवर गेला आणि संध्याकाळी घोळ करून बसला."

मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. "आणि ती डोंगरातली मुलगी?"

वाघमारे हसले. त्यांना दात दाखवून हसताना मी तेव्हाच बघितलं. "ती पण सकाळीच कळली. बसमध्ये पोरं म्हणाली, मॅडम आपल्यातल्याच निघाल्या."

इतकी वर्षं मी वार्षिक अहवालात काय काय लिहिलं असेल, पण याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला कोणी दिलं नाही.

मामा मात्र अजून तिथेच अडकले होते. "ठावं हुतं तर मग हितं थांबून ऐकायचा कशापायी?"

वाघमाऱ्यांनी रिकाम्या स्टॉपकडे बघितलं. "खरा शेवट सकाळी कळला तर चालतो, मामा. घरी जायचं असतं, झोपायचं असतं. रात्री भट्टीसमोर उभं राहायला तुमचाच लागायचा."

मामांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. सुमनबाई म्हणाल्या, "चला आता, जेवायचं आहे." वाघमारे जागचे हलले नाहीत. हातात डबा नव्हता, तरी हात तसाच, काहीतरी धरल्यासारखा. मान थोडी वाकवली.

"हं, सांगा."

"काय सांगू? बघितला की तुमी."

"बघितला. शेवट सांगा."

रस्त्यावर बस नव्हती. घाई कसलीच नव्हती. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि सुरुवात केली, आणि मी पहिल्यांदा त्यांचा शेवट जवळून ऐकला. तो त्यांनी पूर्वी सांगितला होता तो नव्हता.

"पानी चडलं. नाव आली. लांबनं दिसली ती रिकामीच. बाई पान्यात उतरली, कमरंयेवड्या. दोर धरला आन वडाय लागली, तर नाव जड. तवा तिच्या ध्यानात आलं, रिकामी नाव काय येवडी जड नसती. वाकून बघती तर ह्यो तळाला झोपल्याला. थकून ग्येलता. लई रातींचं जागरन." मामांनी वाघमाऱ्यांकडे बघितलं. "तिनं काय त्येला उठिवलं न्हाई. झोपू दिलं. आपनच वल्हं घेतलं आन नाव घराकडं वळिवली."

सुमनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"बरं झालं," वाघमारे म्हणाले. मग दारातून बाहेर पडून, सवयीने स्टॉपकडे वळलेले पाय थांबवून, ते बायकोबरोबर उलट्या बाजूला, घराकडे चालू लागले.